डावी चप्पल

मे महिन्यातली आमची सहल म्हणजे
वेसवीच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढायचं,
बागमांडल्याला उतरायचं,
टपरीवर चार लिंबूसोडे घ्यायचे
(खरं तर तीन, चिमीला माझ्यातला),
आणि त्याच बोटीनं परत.
सुट्टीत कुठे गेला होतास, कुणी विचारलं
तर निहार सांगतो, "रायगड जिल्ह्यात."
खोटं नाही.

मंडणगडहून स्कूटरवर चौघं.
पुढे चिमी, आरशातल्या स्वतःला जीभ दाखवत,
मग दिगू, मग निहार, शेवटी मी,
अर्धी सीटवर, अर्धी वाऱ्यावर.
पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी,
उकडलेल्या आठळ्या,
आणि एक टॉवेल, जो दरवेळी कोरडाच घरी जातो
कारण मुलं माझ्या ओढणीलाच तोंड पुसतात.

गाड्या बोटीत चढताना लोखंडी फळी वाजते.
निहार ते धडाम मोजतो.
त्या दिवशी अकरा.
अकरावा आंब्याचा टेम्पो, पेट्यांवर पेंढा,
पेंढ्यावर झोपलेला क्लीनर,
ज्याला कुठला जिल्हा कधी संपला
पत्ताच नसावा.

मध्यावर आलो आणि कठड्याला लटकलेल्या निहारच्या
पायातून सुटली ती.
डावी. निळी, पट्ट्यावर पिवळा मासा.
बुधवारीच घेतलेली, एकशे साठ रुपये,
वाढता पाय म्हणून एक नंबर मोठी.
म्हणजे चूक माझीच.

बुडली नाही. तोंड वर करून
आपल्या वाटेनं निघाली.
"सुकती लागलीय," बोटीवरचा अब्बास म्हणाला,
"गेली ती समुद्रात."
"भरतीला येईल की," निहार.
आणि दिगूनं, शहाण्या माणसानं,
बोटांवर तिथी मोजून सांगितलं,
"पाचनंतर पाणी फिरेल."

मग काय. परतलो आणि सुरूच्या सावलीत बसलो.
चिमी माझ्या मांडीवर झोपली, घामानं चिकट,
मुठीत अर्धी आठळी.
बापलेक चिखलात कुर्ल्यांची बिळं मोजत राहिले.
ऊन या झाडावरून त्या झाडावर गेलं.
किती दिवसांनी मी काहीच केलं नाही.

पाणी फिरलं. आणलं काय काय:
नारळाची सोडणं, जाळ्याचा तुकडा,
गुटख्याच्या पुड्या,
आणि एक चप्पल.
बाईची. काळी. उजवी. टाच झिजलेली.

निहार तिच्याकडे बघत राहिला.
मग उरलेली स्वतःची काढून म्हणाला,
"हीपण सोडूया.
ज्याला डावी सापडेल, तो एकटीचं काय करेल?"
मी म्हटलं, अरे, पैसे लागतात.
म्हटलं खरं, पण एका उजव्या चपलेचं
मी तरी काय करणार होते?
फेकली त्यानं.
लाटेनं आणून पायाशी ठेवली.
पुन्हा फेकली. पुन्हा आणली.
चिमी जागी होऊन टाळ्या पिटू लागली.

तेव्हा दिगू उठला आणि चार तिकिटं काढली,
जायची-यायची,
फक्त चप्पल सोडायला.
वेड लागलंय का, म्हणत मीही चढले.
मध्यावर अब्बासनं काही विचारलं नाही,
इंजिन जरा हळू केल्यासारखं वाटलं.
निहारनं ती पाण्यावर ठेवावी तशी टाकली.

डावी गेली होती समुद्राकडे.
उजवी, भरतीच्या पाण्यावर, निघाली आत,
म्हाप्रळच्या दिशेला.
दिगूनं माझ्याकडे पाहिलं.
मी दिगूकडे.
दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

घरी जाताना अनवाणी पाय
माझ्या पोटऱ्यांना घासत होते, वाळूनं खरबरीत.

आता कुठेही गेलो,
जत्रेत, दवाखान्यात, एसटी स्टँडवर,
निहार आधी लोकांचे पाय बघतो.
कालच, चिंचघरच्या लग्नात, पंगतीत बसता बसता
कानात म्हणाला,
"आई, त्या मुलाची निळी आहे.
पण मासा नाही."